मूल कुठल्या खात्याचं? विशेष शिक्षणाच्या हक्काची वाटचाल

आजच्या विषयाकडे आपण एका साध्या प्रश्नावरून जाऊ. ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याची बौद्धिक वाढ सावकाश होते, त्याच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारात कुणाची? 'शिक्षण खात्याची, आणखी कुणाची?' असं आपण पटकन म्हणू. पण आपल्या देशाला या उत्तरापर्यंत यायला फार वर्षं लागली, आणि अजूनही ते पुरतं अमलात आलेलं नाही.

सुरुवातीला सरकार नव्हतंच. १८८७ मध्ये अमृतसरला मिशनऱ्यांनी अंधांसाठी शाळा काढली. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. पुढे १९७२ मध्ये मुंबईतच मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा उभी केली. त्यांची मुलगी मालिनी हिला हाच त्रास होता. म्हणजे बघा, कुठे धर्मादाय वृत्ती, कुठे आईची निकड. कामं मोठीच होती. पण अशा शाळेत जागा भरली, की दारात उभ्या असलेल्या पुढच्या आईला परत जावं लागायचं. तिला दाद मागायला कुठलंही ठिकाण नव्हतं. हक्क नसणं म्हणजे नेमकं हेच.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात म्हटलं होतं, की अपंग मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असला पाहिजे. १९७४ मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना आणली: ही मुलं नेहमीच्या शाळेत शिकावीत, त्यासाठी मदत द्यावी. आता गंमत अशी, की शाळेची ही योजना समाजकल्याण विभागाकडे होती! १९८२ च्या सुमारास ती शिक्षण मंत्रालयाकडे आली.

खातं बदलल्याने काय होतं, असं आपल्याला वाटेल. कल्याण खात्याच्या कागदावर मूल 'लाभार्थी' असतं. निधी संपला की लाभ थांबतो. शिक्षण खात्याच्या कागदावर ते 'विद्यार्थी' असतं. पटावर नाव चढलं, की वर्ग, शिक्षक, पुस्तक, परीक्षा या सगळ्याबद्दल शाळेला जाब विचारता येतो.

जाब विचारायला कायदा लागतो. डिसेंबर १९९५ मध्ये दिल्लीत अपंग कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. जावेद अबिदी हे त्यातलं ठळक नाव. त्याच महिन्यात संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर केला. त्याच्या कलम २६ ने प्रत्येक अपंग मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पण त्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातच होते. स्वमग्नता त्यात नाही, अध्ययन अक्षमताही नाही.

मग आला २००९ चा शिक्षण हक्क कायदा. 'सर्व मुलांना' म्हणणारा. मात्र 'वंचित गट' कोण, याच्या व्याख्येत अपंग मुलांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. वरवर ही एका शब्दाची बाब. पण खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा याच व्याख्येवर ठरतात! अपंग हक्क चळवळीने हा मुद्दा लावून धरला आणि २०१२ च्या दुरुस्तीने ही मुलं व्याख्येत आली. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असेल तर घरी शिकण्याचा पर्यायही मिळाला. हा पर्याय पालकांनी निवडायचा आहे. शाळेने मुलाला घरी धाडण्यासाठी तो वापरायचा नाही, हे आपण लक्षात ठेवू.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातचे एकवीस प्रकार केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आत आल्या. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. शिकवणार कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने केंद्राला प्रमाण ठरवायला सांगितलं आणि केंद्राने पुढे ते ठरवलं: प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक.

आणि आपल्या मूळ प्रश्नाचं काय? महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. विशेष शाळा त्याच्याकडे, नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. स्वतंत्र विभाग होणं चांगलंच. पण मूल विशेष शाळेतून नेहमीच्या शाळेत जायला निघतं, तेव्हा ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातं, आणि मधल्या चकरा आईबापांच्या वाट्याला येतात.

तेव्हा आपल्या ओळखीच्या कुणाला शाळेत 'अशा मुलांची सोय आमच्याकडे नाही' असं सांगितलं, तर आपण एक करू. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यायला सांगू आणि नकारही लेखीच मागू. तोंडी नकाराला पुरावा नसतो, आणि पुराव्याशिवाय वरच्या कुठल्याही कायद्याचा उपयोग होत नाही.

आता आपले प्रश्न घेऊ.