ट्यूब पुन्हा पुन्हा का फुटते?

रोज सायकलीने कामावर जाणाऱ्याची ट्यूब आठवड्यात दुसऱ्यांदा फुटली, की दोष रस्त्याला दिला जातो. वस्तुतः कारण बहुधा चाकातच दडलेले असते आणि भोक कोठे पडले यावरून ते ओळखता येते. म्हणून ट्यूब काढताना व्हॉल्व्हची जागा ध्यानात ठेवावी.

भोक आऱ्यांच्या बाजूस असेल, तर रिमवरील पट्टी सरकून आऱ्यांची टोके ट्यूबला बोचत असतात. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्यास हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडेवर चेंगरली, असे समजावे. भोक बाहेरच्या अंगास असल्यास टायरच्या आतून कापड फिरवून रुतलेला काटा शोधावा. मोठा आवाज होऊन ट्यूब फाटली असेल, तर टायरची कड रिममध्ये नीट बसलेली नसते किंवा ब्रेकच्या रबराने टायरची बाजू कापलेली असते.

२८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमधील हवा आठवड्याभरात जाणवण्याइतकी उतरते; ती टायरवर छापलेल्या मर्यादेत नियमाने भरावी. भर रहदारीत पुढचे चाक फुटणे म्हणजे जिवाशी गाठ. कारण न शोधता नवी ट्यूब घालणे, हे तीही फोडण्याची तयारी करण्यासारखेच होय.