आधी पेरायचा, मग बांधायचा गोठा

नाताळचा गोठा बांधतात हे सगळ्यांना माहीत असतं. तो आधी पेरावा लागतो, हे मात्र ज्यांच्या घरी गोठा होतो त्यांनाच ठाऊक. गोव्यात डिसेंबर उजाडला की घरातली आजी नाहीतर एखादी मावशी मूठभर नाचणी भिजत घालते. रात्रभर भिजलेली नाचणी मातीच्या परातीत किंवा ओल्या गोणपाटावर दाट पसरायची, दोन दिवस फडक्याखाली झाकून ठेवायची आणि मग उजेडात आणून रोज पाण्याचा हलका हबका मारायचा. नाताळपर्यंत बोटभर उंचीचं हिरवंगार शेत तयार होतं. कापसाचा बर्फ कितीही पसरला तरी बाळ येशूच्या गोठ्यापुढे हे शेत लागतंच. परात अंधाऱ्या कोपऱ्यात विसरलात, तर शेत पिवळं पडतं.

दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरणाऱ्या मराठी मुलांना यातलं काहीच नवं नाही. किल्ला मोडताना झालेलं दुःख महिनाभरात भरून निघतं, एवढंच. म्हणून लहान मुलांना नाताळात सामील करून घ्यायचं, तर चोवीस तारखेला मॉलमध्ये नेऊन प्लास्टिकच्या झाडाशेजारी फोटो काढणं हा मला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कंटाळवाणा मार्ग वाटतो. मुलांचा नाताळ आधीच्या तीन-चार आठवड्यांत असतो. त्या आठवड्यांत बाहेर जायचं ते गोठ्याला लागणाऱ्या वस्तू गोळा करायला, आणि घरी बसायचं ते त्या वस्तूंचं काहीतरी करायला. सहल आणि हस्तकला अशा दोन वेगळ्या वह्या घालायची गरजच पडत नाही.

या आठवड्यांना ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणतात. नाताळाच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. मोठ्यांसाठी हा प्रार्थनेचा काळ, पोरांसाठी निव्वळ वाट पाहण्याचा. ‘अजून किती दिवस?’ या प्रश्नाने जेरीला आलेल्या एका पाद्र्याने १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये त्यावर तोडगा काढला. योहान हिनरिख विखर्न त्यांचं नाव. गरीब मुलांसाठी ते ‘राउहेस हाउस’ नावाचा आश्रम चालवत. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर २० लहान तांबड्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक लावायला सुरुवात केली. रविवारी मोठी, इतर दिवशी लहान. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार बरोबर १ डिसेंबरला आला होता, त्यामुळे हिशेब २४ वर चोख बसला. आज चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रात चारच मेणबत्त्या दिसतात, बहुधा तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. त्यांचं मूळ या चाकात आहे.

दारं उघडायच्या दिनदर्शिकेची गोष्टही अशीच घरगुती आहे. म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांना लहानपणी आईने पुठ्ठ्यावर २४ बिस्किटं लावून दिली होती, रोज एक खायला. मोठेपणी ते छपाईच्या धंद्यात पडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ती कल्पना छापून विकली. आता चॉकलेट भरलेल्या तयार दिनदर्शिका आपल्याकडेही मिळतात. त्या विकत आणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण पहिल्याच दिवशी सगळी दारं फोडून चॉकलेटं फस्त करणारं पोर घरात असेल, तर रिकाम्या काड्यापेट्या बऱ्या. चोवीस काड्यापेट्यांना रंगीत कागद लावून सुतळीवर ओवायचं. आत खाऊ एखाददुसऱ्या दिवशीच. बाकी दिवशी चिठ्ठी. ‘आज नाचणीला पाणी तू घालायचंस.’ ‘आज समुद्रावर.’ ‘आज शेजारच्या काकूंना चांदणीसाठी कामट्या मागून आण.’ ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढावं.

गोठ्याची जन्मकथा मुलांना सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात खरा बैल आणि खरं गाढव आहे. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने डोंगरातल्या एका गुहेशी गव्हाण मांडली, तिच्यात वाळलेलं गवत भरलं आणि शेजारी दोन्ही जनावरं आणून उभी केली. आसपासचे गावकरी मशाली घेऊन आले. मूर्ती नव्हत्या आणि गव्हाणीत बाहुलंही नव्हतं. थॉमस ऑफ चेलानो या फ्रान्सिसच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की, ते गवत लोकांनी जपून ठेवलं आणि पुढे आजारी गुरांना ते खायला दिल्यावर ती बरी झाली. मोठे यावर विश्वास ठेवोत न ठेवोत, चार वर्षांच्या श्रोत्याला मशालींपेक्षा हा भाग जास्त आवडतो. दुसरी एक गंमत थोड्या मोठ्या मुलांना सांगता येईल: शुभवर्तमानांत गव्हाणीचा उल्लेख आहे, पण बैल आणि गाढव कुठेच नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून चालत आले आणि गोठ्यात कायमचे उभे राहिले.

ही गोष्ट सांगायला वसईच्या किल्ल्याइतकी चांगली जागा आपल्याकडे दुसरी नसेल. पश्चिम रेल्वेने वसई रोडला उतरायचं आणि बसने किंवा रिक्षाने किल्ला गाठायचा. १५३४ ते १७३९, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, इथे पोर्तुगीजांचं शहर नांदत होतं. किल्ल्यातल्या पडक्या चर्चेसपैकी एक फ्रान्सिस्कन संन्याशांचं, संत अँथनीच्या नावाचं. फ्रान्सिस्कन म्हणजे गोठा मांडणाऱ्या त्या फ्रान्सिसचेच अनुयायी. छप्पर केव्हाच गेलंय, कमानी उभ्या आहेत आणि खाली जमिनीत कोरीव अक्षरांच्या थडग्याच्या शिळा आहेत; अक्षरओळख नुकती झालेली मुलं त्यावर बोट फिरवत बसतात. वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया याच संघाचा. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत तो धर्मासाठी मारला गेला आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा गोठ्यासाठी तिथला दगड उचलायचा नाही. बाकी सामान बाहेर मुबलक आहे.

भुईगाव, रजोडी, कळंब, कुठल्याही किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत आणि त्यांच्या खाली सुपारीएवढी खरबरीत बोंडं पडलेली असतात. त्यांना रंग लावला की झाडावर टांगायला होतात, न लावता डोंगरावरचे दगड होतात. सुरूची पडलेली फांदी कुंडीत खोवली की नाताळचं झाडही झालं. किनारपट्टीवर कित्येक घरांत हेच झाड असतं. फांदी तोडायची मात्र नाही. डिसेंबरात भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते, त्यामुळे गावात पेंढा मागितला तर सहज मिळतो. गोठ्याचं छप्पर त्याचंच. शिंपले, वाळू, सुकलेली झावळी, केळीचं सोपट, पोरांच्या खिशात जे मावेल ते. येताना सुकेळी घ्यावीत. राजेळी केळी वाळवून केलेला हा वसईचा मेवा परतीच्या गाडीत मुलांना गप्प बसवतो.

सापडलेल्या वस्तूंनी मुलांना शिकवावं हे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला प्रत्यक्ष करून दाखवलं. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच त्यांच्या बालवाडीची साधनं. बोर्डी वसईपासून फार लांब नाही, आजच्या एकाच पालघर जिल्ह्यातलं. दुकानातल्या ‘क्राफ्ट किट’मध्ये सगळं आधीच कापून, मोजून, चिकटवायचं कुठे तेही छापून आलेलं असतं, मग मुलाने करायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर कामं वयाप्रमाणे आपोआप वाटली जातात. तीन वर्षांच्या मुलाला कागद फाडायला द्यावा, तो मनापासून फाडतो आणि पाऊलवाटेला तेवढंच लागतं. पाच-सहा वर्षांचं मूल शाडूची जनावरं करू शकतं. गणपतीच्या वेळची शाडू डब्यात उरलेली असतेच. मेंढ्या सोप्या, बैलाला शिंगं काढली की ओळखू येतो, गाढवाचा बहुधा कुत्रा होतो. दुरुस्त करू नये. मरिया आणि योसेफ प्लास्टरचे विकत आणले तरी चालतात, पण त्यांच्या शेजारी हा कुत्रा उभा राहिला की गोठा आपल्या घरचा दिसतो. गव्हाण रिकामी ठेवायची. बाळ त्यात ठेवायचं ते चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर. काही घरांत मुलाने दिवसभरात एखादं चांगलं काम केलं की गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची पद्धत आहे. त्यात चलाखी करणारी मुलं असतातच. मूठभर काड्या एकदम टाकून मोकळी होतात.

चांदणी हे थोरामोठ्यांच्या मदतीचं काम. तारा पाहत पाहत पूर्वेकडचे ज्ञानी बेथलेहेमला पोहोचले, म्हणून नाताळात दारावर ती टांगतात. बांबूच्या सारख्या लांबीच्या पाच कामट्या घ्यायच्या आणि पेन न उचलता पाच टोकांची चांदणी काढतो तशा एकमेकींवर टाकून टोकं दोऱ्याने बांधायची. अशा दोन चौकटी. त्या एकमेकींवर ठेवून पाची टोकं घट्ट बांधली की मधल्या पाच छेदांवर वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवायच्या. काड्या दोन चौकटींना मध्ये दूर ढकलतात, टोकं मात्र बांधलेली राहतात, आणि सपाट चांदणीला पोट येतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला हा क्षण दाखवलाच पाहिजे. भूमितीच्या तासाला हे असं समोर घडत नाही. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ, आणि आत छोटा एलईडी दिवा. पूर्वीसारखी मेणबत्ती किंवा तापणारा बल्ब नको, कागद पेट घेतो. कामट्या तासण्याचं काम आकाशकंदील करणाऱ्या शेजाऱ्याकडे द्यावं, कुसळं बोटात जातात.

भूमितीवरून आठवलं. जर्मनीत ठिकठिकाणी दिसणारा हेर्नहुटचा तारा मुळात १८३० च्या दशकात नीस्की गावच्या शाळेत मुलांना भूमिती समजावी म्हणून केला गेला. चौकोनी पायाचे १७ आणि त्रिकोणी पायाचे ८, असे २५ सुळके. १८९७ पासून हेर्नहुटला त्याचा कारखानाच आहे. तो घरी करायला घेतलात तर पुठ्ठा आणि संयम दोन्ही भरपूर जमवून बसा.

नाताळाच्या आठवड्यात कुलकुल. मैदा, थोडा रवा, साखर, अंडं आणि नारळाचं दूध घालून पीठ मळायचं, बोराएवढ्या गोळ्या करायच्या आणि एकेक गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. काटे कमी पडतात, तेव्हा नवा कोरा कंगवा चालतो. तळण्याचं काम मोठ्यांचं, गुंडाळण्याचं सगळ्यांचं, आणि घरभर पसरलेल्या पिठाचं कुणाचंच नाही. मुंबईच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, वसईत, गोव्यात कुलकुल असे हातांनीच होतात. विकतचे मिळतात, पण ते सगळे एकसारखे वळलेले दिसतात. नाताळात नेवऱ्या, दोदोल यांच्यासोबत ते ताटात घालून शेजाऱ्यांकडे पाठवायचे, आणि ताट घेऊन जायचं काम मुलांचं.

शहरातली भटकंती थोडक्यात. वांद्र्याचा हिल रोड आणि क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, इथे सजावटीचं सामान ढिगाने मिळतं; लहान मूल बरोबर असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावं, नाताळाआधीच्या रविवारी मुळीच नको. गिरगावातल्या खोताच्या वाडीत लाकडी घरं आणि दारातल्या चांदण्या पाहत फिरता येतं. तिथे लोक राहतात, तेव्हा ओट्यावर चढण्यापूर्वी विचारावं. पुण्यात नाना पेठेतलं सिटी चर्च पाहावं. १७९२ चं हे चर्च पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं आहे, हे ऐकून मुलांपेक्षा आईवडीलच चकित होतात. गोव्याला जाणार असाल तर सुट्टी थोडी पुढे ढकलून ६ जानेवारीपर्यंत थांबा. त्या दिवशी रेइश मागुश, चांदोर आणि कासांवली इथे तीन राजांचं, म्हणजे पूर्वेकडच्या त्या ज्ञानी लोकांचं, फेस्त असतं आणि तीन मुलं मुकुट घालून राजे बनून येतात.

घरच्या गोठ्यातले तीन राजेही त्याच दिवशी पोहोचायला हवेत. नाताळाच्या दिवशी त्यांना खिडकीत उभं करायचं आणि रोज थोडं पुढे सरकवायचं. टीव्हीवरून, पुस्तकांच्या फळीवरून, फ्रिजच्या बाजूने. हे काम मुलं स्वतःहून करतात, आठवण द्यावी लागत नाही. सहा तारखेनंतर गोठा आवरताना शाडूची जनावरं पाण्यात भिजवून माती पुन्हा डब्यात भरावी, पुढच्या गणपतीला कामी येते. गाढवाचा झालेला कुत्रा मात्र भिजवायला मिळेल याची खात्री नाही.