भिंतीवरचा पाऊस

जून महिना उजाडला की बालवाडीच्या भिंती बदलतात. कापसाचे ढग, निळ्या घोटीव कागदाचे थेंब, रंगीत छत्री, छत्रीखाली बसलेला बेडूक आणि एका कोपऱ्यात इंद्रधनुष्य अशी सजावट वर चढते. बहुतेक ठिकाणी हे कातरकाम बाई शाळा सुटल्यावर किंवा रात्री घरी बसून करतात. मुले पहिल्या दिवशी कौतुकाने बघतात आणि आठवड्याभरात भिंतीकडे बघायचे विसरून जातात.

ही भिंत जरा बारकाईने पाहू. थेंबांना वर टोक काढलेले असते. इंद्रधनुष्यात तांबडा रंग बऱ्याचदा आतल्या बाजूला जातो. शेजारीच हसरा सूर्य असतो. यातली एकही गोष्ट खऱ्या पावसात दिसत नाही. म्हणजे खिडकीबाहेर खरा पाऊस पडत असताना आत आपण त्याच्याशी न जुळणारा पाऊस लावून ठेवतो.

यावर कोणी विचारेल, की चार वर्षांच्या मुलाला हे कुठे कळते? आणि त्याच्या कल्पनाशक्तीला शास्त्राचा लगाम कशाला? प्रश्न रास्त आहे. मुलाने स्वतः काढलेला जांभळा बेडूक किंवा टोकदार थेंब कोणीही दुरुस्त करू नये. ते त्याचे चित्र आहे. पण मोठ्यांनी भिंतीवर लावलेले चित्र हे मुलाच्या दृष्टीने 'असे असते' असे सांगणारे असते. ते महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर राहते. म्हणून मोठ्यांनी लावायचे ते खरे असावे. त्याहून चांगले म्हणजे, भिंतीवर मुलांनी पाहिलेला, मोजलेला आणि हाताळलेला पाऊस असावा. तसे करण्याचे तीन उपक्रम येथे दिले आहेत. पाऊस पडत असतानाचे काम बाईंनी ओसरीच्या कडेला उभे राहून करावे, आणि वीज चमकत किंवा ढग गडगडत असतील तेव्हा मुळीच करू नये.

१. पिठातले थेंब

साहित्य : पसरट ताट, जुना मैदा किंवा बारीक कणीक, चाळणी, गडद रंगाचा जाड कागद, खळ.

ताटात बोटभर जाडीचा पिठाचा थर सपाट पसरा. ताटावर झाकण ठेवून ते पावसात धरा, झाकण दोन-तीन सेकंद बाजूला करा आणि पुन्हा झाका. प्रत्येक थेंब पिठात पडतो आणि त्याची एक गोळी बनते. गोळ्या सुकू द्या आणि पीठ हलक्या हाताने चाळा. चाळणीत पावसाचे थेंब उरतील! मुलांनी त्या गोळ्या लहान, मध्यम, मोठ्या अशा निवडाव्यात आणि गडद कागदावर खळीने चिकटवाव्यात. (गोळ्या तोंडात किंवा नाकात जाणार नाहीत याकडे लक्ष असू द्यावे.) रिमझिम पावसाचा एक कागद आणि जोरदार सरीचा दुसरा असे शेजारी शेजारी लावले, की फरक मुलांनाच दिसतो.

ही युक्ती खेळातली नाही, संशोधनातली आहे. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने ती वापरून १९०४ साली थेंबांच्या आकारमानावरचा लेख प्रसिद्ध केला. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी त्याचे नाव जगभर झाले, पण पावसाच्या थेंबांचा अभ्यासही त्याने पीठ आणि ताट एवढ्याच साधनांवर केला. गोळीचा आकार थेंबाच्या आकाराशी जुळतो का, हे त्याने ठाऊक असलेल्या आकाराचे थेंब पिठात टाकून तपासून घेतले होते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनाही हे करून पाहता येईल.

मग थेंब असतो तरी कसा? पाण्याच्या पृष्ठभागावरचे ताण थेंबाला आवळत असतात, आणि तेवढ्याच पाण्याला कमीत कमी पृष्ठभाग देणारा आकार म्हणजे गोल. म्हणून मिलिमीटरभर व्यासाचा थेंब लाडवासारखा गोल असतो. थेंब मोठा झाला की पडताना खालून हवेचा दाब जाणवू लागतो, त्याचा तळ चपटा होतो आणि तो पावासारखा दिसतो : खाली सपाट, वर फुगीर. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे थेंब सहसा टिकत नाही, फुटून त्याचे लहान थेंब होतात. टोक कोणालाच नसते. नळातून सुटताना थेंबाला क्षणभर मान येते, काचेवरून ओघळताना मागे शेपूट राहते. टोकदार थेंबाचे चित्र अशा पाहण्यातून आले असावे.

मुलांना हे शब्दांत सांगायची गरज नाही. अळूचे एक पान आणून त्यावर पाणी शिंपडावे. पानावरच्या मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांमुळे पाणी पसरत नाही, त्याचे मोती होतात. लहान मोती गोल, मोठे जरा चपटे. हे पाहून झाल्यावर भिंतीवरचे थेंब मुले आपणहून गोल फाडतील.

२. समोरासमोरच्या भिंती

इंद्रधनुष्य दिसायला सूर्य आपल्या पाठीशी आणि पाऊस समोर असावा लागतो. सूर्यकिरण थेंबात शिरतो, आतल्या मागच्या बाजूवरून परततो आणि बाहेर पडतो. आत शिरताना आणि बाहेर येताना तो वाकतो आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. तांबडा रंग सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून सुमारे ४२ अंशांवर दिसतो आणि जांभळा सुमारे ४० अंशांवर. म्हणून तांबडा पट्टा बाहेर आणि जांभळा आत. कधी कधी वर दुसरे फिकट इंद्रधनुष्य दिसते. त्यात प्रकाश थेंबात दोनदा परततो आणि रंगांचा क्रम उलटा होतो.

यावरून सजावटीचा एक सोपा नियम निघतो. इंद्रधनुष्य एका भिंतीवर लावा आणि सूर्य समोरच्या भिंतीवर. मुले मध्ये उभी राहिली की सूर्य त्यांच्या पाठीशी येतो. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर असेल तर जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला आकाशात इंद्रधनुष्य दिसत नाही. त्यामुळे भर दुपारी ते शोधण्यात अर्थ नाही. सकाळी ते पश्चिमेला दिसते, संध्याकाळी पूर्वेला. शक्य असेल तर पूर्वेच्या भिंतीवर इंद्रधनुष्य आणि पश्चिमेच्या भिंतीवर मावळता सूर्य लावावा. उघडीप मिळाली की मुलांना सूर्याकडे पाठ करून उभे करावे आणि इस्त्रीसाठी वापरतात त्या फवाऱ्याने समोर पाणी उडवावे. छोटे इंद्रधनुष्य तिथेच दिसेल. भिंतीवरचे रंग मग त्यावरून ताडून पाहावेत. पट्टे भरायला हळद, गेरू, नीळ आणि पालेभाजीचा रस चालतात.

३. वाढत जाणारी भिंत

हा उपक्रम जून ते सप्टेंबर चालतो. प्लास्टिकच्या सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नाळक्यासारखा आत बसवा. कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तळाशी थोडे खडे आणि पाणी घालून बाहेरून एक रेघ मारा. ही आपली शून्याची रेघ. बाटली उघड्यावर, झाड आणि पागोळ्यांपासून दूर, कलंडणार नाही अशी ठेवा.

भारतीय हवामान खात्याचे दिवसाचे पाऊसमान सकाळी साडेआठला घेतले जाते. आपणही शाळा भरल्यावर ठरलेल्या वेळी मोजावे. एका मुलाने निळ्या कागदाची पट्टी बाटलीला टेकवून शून्याच्या रेघेपासून पाण्याच्या पातळीपर्यंत धरावी आणि तेवढीच फाडावी. मग पाणी पुन्हा रेघेपर्यंत आणावे. पट्टी भिंतीवर आडव्या रेघेवर उभी चिकटवावी. कोरड्या दिवशी पट्टीच्या जागी पिवळी टिकली लावावी. सुटीनंतरची पट्टी सगळ्या सुटीची मिळून असेल, तिला वेगळा रंग द्यावा. मुसळधार पावसात बाटली भरू लागली तर मध्येच मोजून पट्टीला जोड द्यावा.

काय तयार झाले पाहा. अंक न येणाऱ्या मुलांनी पावसाचा आलेख काढला, आणि तोही खऱ्या मापाचा! चोवीस तासांत अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर हवामान खाते त्याला पावसाचा दिवस म्हणते. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे तो जोरदार पाऊस ठरतो, म्हणजे साधारण मुलाच्या बोटाहून लांब पट्टी. २६ जुलै २००५ रोजी सकाळपासूनच्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याची पट्टी फाडली तर ती तीन-चार वर्षांच्या मुलाच्या उंचीला जवळजवळ भिडेल. आकडा वाचून जे कळत नाही ते या पट्टीशेजारी उभे राहिल्यावर कळते. मोठ्या विद्यार्थ्यांना आणखी एक हिशेब द्यावा : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग शाळेच्या छपरावर किती पडले?

सगळे काम मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून अंदाजे तीन फुटांवर लावावे. बाईंच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेली सजावट बाईंसाठीच असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे परिसरातल्या पाने, बिया, खडे, शिंपले अशा वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. पाऊस तर त्याहूनही सहज मिळणारे साधन आहे.

सप्टेंबरअखेर या भिंतीचे वाचन करावे. सर्वांत उंच पट्टी कोणती? टिकल्यांची सर्वांत लांब रांग कुठे? त्या दिवसांत शेतात काय चालले होते? जमल्यास पट्ट्यांची नक्कल दुसऱ्या भागातल्या शाळेला पाठवावी. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणातली भिंत आणि पाचशेच्या आसपास पावसाच्या माण-खटावातली भिंत शेजारी शेजारी ठेवली, की सह्याद्रीच्या पलीकडची पर्जन्यछाया नकाशाशिवाय दिसते. ती पाहणाऱ्या मुलांपैकी काहींना अजून आपले नावही लिहिता येत नसेल.