सत्यावर पहिला हक्क रुग्णाचा

सुखद भ्रमात राहावे की दुःखद सत्य स्वीकारावे, या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी 1974 साली एका काल्पनिक ‘अनुभवयंत्रा’ची मांडणी केली. या यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसाला हवे ते सर्व अनुभव खरे वाटावेत इतक्या हुबेहूब रीतीने मिळतील, पण त्यांतील एकही खरा नसेल. तरीही माणसे ते पत्करतील का, असा त्यांचा प्रश्न होता आणि बहुतेक जण नकार देतील, असे त्यांचे उत्तर होते. या कल्पनेत निवड करणारा माणूस स्वतः असतो, ही बाब महत्त्वाची आहे. कर्करोगासारख्या गंभीर आजाराचे निदान रुग्णापासून लपवले जाते, तेव्हा मात्र भ्रमात कोणी राहायचे हे इतरच ठरवतात आणि ज्याला त्या भ्रमात राहायचे असते, त्याला कोणी विचारतही नाही.

ही प्रथा केवळ भारतीय नाही. 1961 साली शिकागोतील डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. 1979 साली अमेरिकेतच झालेल्या तशाच पाहणीत 97 टक्के डॉक्टरांनी ते सांगण्याला पसंती दिली. जपानचे सम्राट हिरोहितो यांचे 1989 साली कर्करोगाने निधन झाले, तोपर्यंत त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना त्या रोगाचे नाव सांगितले नव्हते. अमेरिकेत अवघ्या दोन दशकांत झालेल्या बदलामागे उपचारांत झालेली प्रगती होती, तसेच स्वतःच्या शरीरावरील उपचारांना संमती देण्याचा अधिकार रुग्णाचाच आहे, हा दृढ होत गेलेला विचारही होता.

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत आजही तपासणीचा अहवाल आधी मुलाच्या किंवा जावयाच्या हाती जातो आणि ‘त्यांना काही सांगू नका, ते हाय खातील’ अशी विनंती डॉक्टरांना केली जाते. या विनंतीमागील माया खरी असते आणि उपचारांचा खर्च, धावपळ, रात्रीची जागरणे हे सारे कुटुंबच सोसत असल्याने निर्णयही आपणच घ्यावा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु केमोथेरपीच्या खोलीत बसलेल्या, केस गळू लागलेल्या आणि घरच्यांचे दबके बोलणे ऐकणाऱ्या माणसापासून सत्य फार काळ लपत नाही. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा स्थितीला ‘परस्पर बतावणी’ म्हटले आहे; म्हणजे मरण जवळ आल्याचे रुग्णालाही ठाऊक असते आणि भोवतालच्यांनाही, पण सर्व जण ते ठाऊक नसल्यासारखे वागतात. भ्रमाचा दिलासा अशा वेळी कोणालाच उरत नाही. उरतो तो रुग्णाच्या वाट्याला आलेला एकटेपणा.

अज्ञानाचा परिणाम उपचारांवरही होतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, शरीरात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या 69 टक्के रुग्णांना या उपचाराने आपला रोग बरा होण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे उमगलेले नसल्याचे आढळले. याउलट, 2010 साली बोस्टन येथील अभ्यासात ज्या रुग्णांना सुरुवातीपासून उपशामक उपचार, म्हणजे वेदना व इतर त्रास कमी करून मनालाही आधार देणारे उपचार मिळाले, त्यांच्यात नैराश्य कमी होते, अखेरच्या काळातील आक्रमक उपचार कमी झाले आणि त्यांचे आयुर्मानही नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक भरले. असे उपचार समजून-उमजून स्वीकारायचे, तर आजाराचे खरे स्वरूप रुग्णाला ठाऊक असावे लागते. भारतातही वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 सालच्या नियमांनुसार डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, अशी अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली पुरेशा माहितीवर आधारित संमतीची आवश्यकता स्पष्ट केली आणि 2018 साली अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. मृत्युपत्र करायचे असो वा अतिदक्षता विभागात जायचे की नाही हे ठरवायचे असो, आपल्यासमोर काय आहे हे ज्याला माहीतच नाही, त्याला यांपैकी कोणताही अधिकार वापरता येत नाही.

तरीही सत्य सांगणे म्हणजे ते रुग्णाच्या अंगावर टाकणे नव्हे. वाईट बातमी कशी द्यावी यासाठी 2000 साली मांडलेल्या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत, रुग्णाला काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे दोन प्रश्न माहिती देण्याआधी विचारायचे असतात. ‘मला तपशील नको, मुलीशी बोला’ असे रुग्णाने म्हटले, तर तोही त्याचाच निर्णय ठरतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याला थोडे-थोडे, सोप्या शब्दांत आणि आपल्या माणसांच्या सोबतीत सांगता येते. आजार बरा होण्याची आशा संपली, तरी वेदनामुक्त दिवसांची, अपुरी कामे पूर्ण करण्याची आणि जिवलगांशी मोकळेपणाने बोलण्याची आशा शिल्लक राहते आणि ती पुरी होण्यासाठी सत्याचीच गरज असते. म्हणून ‘त्यांना सांगू नका’ असे डॉक्टरांना विनवण्याआधी प्रत्येक कुटुंबाने ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?’ हा प्रश्न आपल्या माणसालाच विचारावा आणि त्याचे उत्तर मानावे.