गोवर की कांजिण्या?

गोवरात ताप, खोकला, वाहते नाक व लाल डोळे ही लक्षणे आधी दिसतात, गालांच्या आतल्या बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढरे, म्हणजेच ‘कॉप्लिक’, ठिपके उमटतात आणि मग कानांमागून व चेहऱ्यावरून सुरू झालेले लालसर पुरळ पायांपर्यंत उतरते. कांजिण्यांत मात्र खाज सुटणारे, पाण्याने भरलेले फोड टप्प्याटप्प्याने येत असल्याने ताजे फोड व खपल्या एकाच वेळी आढळतात. गोवर पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून नंतरच्या ४ दिवसांपर्यंत, तर कांजिण्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत इतरांना लागू शकतात. गोवरात वैद्यकीय सल्ल्याने अ जीवनसत्त्व देतात. कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन टाळतात, कारण त्यामुळे यकृत व मेंदूस इजा करणारा ‘राय सिंड्रोम’ उद्भवू शकतो. धाप, झटके किंवा गुंगी दिसल्यास मुलास तातडीने रुग्णालयात न्यावे.