सायकोचं जर्नल

अकरावी आर्ट्‌सला मानसशास्त्र घेतलेल्या मुली पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "मॅडम, समोरच्याच्या मनातलं ओळखायला कधी शिकवणार?" (वर्गात मुलगेही असतात, मागच्या दोन बाकांपुरते.) त्यांचाही दोष नाही. घरी मामा आला की तोही म्हणतो, "सायकॉलॉजी घेतलीस ना, मग सांग बघू मी आत्ता काय विचार करतोय?" मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवते. या प्रश्नाला मी तोंडी उत्तर देत नाही. एक आरसा, खोक्याचा कापलेला पुठ्ठा आणि चांदणीच्या झेरॉक्स टेबलावर ठेवते.

प्रयोग जुना आहे आणि त्याला खर्च जवळपास नाही. कागदावर दुहेरी रेषेत काढलेली सहा टोकांची चांदणी असते. दोन रेषांमधल्या चिंचोळ्या वाटेतून पेन्सिल फिरवून फेरी पूर्ण करायची. पण हातावर पुठ्ठ्याचा आडोसा असतो. कागद थेट दिसत नाही, समोर उभ्या केलेल्या आरशात दिसतो. पेन्सिल रेषेला लागली की एक चूक. एक मुलगी प्रयोगकर्ती, तिच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. दुसरी प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग होतो ती.

सगळ्यांना वाटतं, आरशात डावं-उजवं उलटणार. इथे ते उलटत नाही. उलटतं ते जवळचं आणि लांबचं. त्यामुळे चांदणीच्या आडव्या बाजूवर पेन्सिल झरझर जाते, मुलगी हसून मैत्रिणीकडे बघते, आणि कोपरा येतो. आता तिरकं स्वतःकडे यायचंय. आरसा सांगतो एक, हात करतो भलतंच. पेन्सिल जागच्या जागी थरथरते आणि कोपऱ्यावर काळ्या रेघोट्यांचं जंजाळ उमटतं. "मॅडम, हातच ऐकत नाहीये!" हे वाक्य दर वर्षी कोणीतरी म्हणतंच.

खरी परीक्षा मात्र शेजारी बसलेल्या प्रयोगकर्तीची. तिला गप्प बसायचं असतं. सूचना जर्नलमध्ये लिहिल्या आहेत तशाच, शब्दही न बदलता वाचायच्या आणि पुढे तोंड उघडायचं नाही. मैत्रीण अडकलेली दिसतेय आणि आपण "अगं, खाली ओढ ना" म्हणायचं नाही, हे सतराव्या वर्षी फार जड जातं. म्हटलंच, तर ती फेरी रद्द करून नवा कागद घ्यायला लावते. एकीला सांगितलं आणि दुसरीला नाही, तर दोघींच्या वेळांची तुलना कशी करणार?

फेऱ्या वाढतात तसा वेळ साधारण कमी होत जातो. मग मी त्यांना हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगते. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून 1953 मध्ये त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमताच गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला सलग तीन दिवस असंच आरशात बघून चांदणी काढायला लावलं. प्रत्येक वेळी त्याला वाटे, हे काम आपण पहिल्यांदाच करतोय. हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे पुस्तकात वाचलेलं असतंच. पण पाच मिनिटांपूर्वी स्वतःचा हात बंड करून उठलेला असला की वर्ग वेगळ्या कानांनी ऐकतो.

नंतर लिखाण. इथे माझं लाल पेन सर्वांत जास्त चालतं. "प्रयुक्त घाबरली होती," असं वाक्य असतं.

"तुला कसं कळलं?"

"दिसत होतं ना, मॅडम."

"काय दिसत होतं?"

ती थांबते, आठवते. दोनदा पेन्सिल उचलली. ओठ चावला. "शी!" म्हणाली. मग हे लिही. घाबरली होती का, ते तिलाच विचार. प्रयुक्ताच्या निवेदनासाठी जर्नलमध्ये वेगळा रकाना आहे. बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं: मला घाई झाली होती, कँटीनमध्ये वडापाव संपतात.

व्यक्तिमत्त्वाच्या धड्याला मी एक खोडी काढते. प्रत्येकीला "तुझा अहवाल" म्हणून घडी घातलेली चिठ्ठी देते आणि तो किती लागू पडतो याला पाचपैकी गुण द्यायला सांगते. गुण भरघोस पडतात. मग चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची, आणि सगळ्यांवर एकच मजकूर निघतो! बर्ट्राम फोरर यांनी 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांवर हेच केलं होतं, मजकूर भविष्याच्या पुस्तकातून उचलून. सरासरी गुण आले 4.26. त्यानंतर काही दिवस तरी वर्गात राशिभविष्य वाचणं कमी होतं. पुढे पूर्ववत.

बारावीतला मानसिक विकृतींचा धडा सगळ्यांत लोकप्रिय आणि मला सगळ्यांत अवघड वाटणारा. रील बघून आलेलं निदान तयारच असतं: मला ओसीडी आहे, ती डिप्रेशनमध्ये गेलीये. तिथेही तोच रकाना उघडावा लागतो. किती दिवसांपासून? झोप, जेवण, अभ्यास यांचं काय झालं? नैराश्याच्या निदानासाठी लक्षणं किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात, हे ऐकून निम्म्या जणी सुटकेचा निःश्वास टाकतात. एखादी टाकत नाही. ती तास संपल्यावर रेंगाळते. मी शिक्षिका आहे, समुपदेशक नाही; तिचं ऐकून घेते, निदान करत नाही, तज्ज्ञांकडे कसं जायचं ते सांगते आणि सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक तिच्या वहीत लिहून देते.

लेखी परीक्षा 80 गुणांची असल्यामुळे व्याख्या घोकणं काही सुटत नाही, आणि जर्नलं थोरल्या बहिणींकडून वारशाने येतात. नक्कल पकडणं सोपं असतं. बनवलेल्या तक्त्यात चुका 10, 8, 6, 4, 2 अशा शहाण्यासारख्या उतरतात. खरा तक्ता अडखळतो. एकदा एक मुलगी जर्नल घेऊन कानकोंडी उभी राहिली. "मॅडम, पाचव्या फेरीत चुका वाढल्या. बदलू का?"

"का वाढल्या?"

"मागच्या मैदानात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला."

"मग तेच लिही."

तिने लिहिलं. आणि पुढच्या आठवड्यात दोघी-तिघींना घेऊन विचारायला आली, की प्रकल्पाला अर्धे प्रयुक्त सराव चालू असताना आणि अर्धे सकाळच्या शांततेत घेतले तर चालतील का. मी म्हटलं, चालेल. पण कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, मैत्रिणी बघून नाही.