किल्लारीच्या क्षितिजावरील अस्थिर तारा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. ज्या भूमीला आपण अचल मानतो, तिच्या पोटातही ताण साठत असतो, हे त्या पहाटे सर्वांना कळले. आकाशातील ताऱ्यांनाही आपण असेच स्थिर समजतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

एप्रिलच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास किल्लारीहून दक्षिणेकडे पाहिल्यास क्षितिजापासून अवघ्या १२ अंशांवर, त्रिशंकूच्या उजव्या बाजूस, नौकातल तारकासमूहातील ईटा कॅरिनी हा तारा असतो. तेथील विस्तीर्ण तेजोमेघाची नोंद फ्रेंच डीकन व खगोलशास्त्रज्ञ लाकाय यांनी १७५२ साली दक्षिण आफ्रिकेतून केली होती.

हा तारा सूर्याच्या सुमारे शंभरपट वस्तुमानाचा आहे. गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत ओढते, तर प्रकाशाचा दाब त्याचे थर बाहेर ढकलतो. अशा महाकाय ताऱ्यात हा दाब गुरुत्वाकर्षणाची जवळजवळ बरोबरी करतो. मग तोल किंचित ढळला तरी बाह्य थर अवकाशात फेकले जातात आणि ताऱ्याभोवती वायू व धुळीचा तेजोमेघ तयार होतो.

१८४३ साली ईटा कॅरिनी इतका उजळला की व्याधाखालोखाल तोच तेजस्वी दिसू लागला. पुढे त्याने स्वतःच उधळलेल्या धुळीने त्याला झाकून टाकले व काही दशके तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. त्या उद्रेकातून सूर्याच्या दहापटीहून अधिक द्रव्य बाहेर पडले. त्याचे दोन फुगे आजही सेकंदाला सुमारे ६५० किलोमीटर वेगाने पसरत आहेत. या तेजोमेघाला १९५० साली गाव्हिओला यांनी ‘होमुन्क्युलस’, म्हणजे लॅटिन भाषेत ‘चिमुकला मानव’, असे नाव दिले.

एके दिवशी या ताऱ्याचा महास्फोट होईल. त्याने आपण भयभीत होण्याचे कारण नाही, कारण तो सुमारे ७५०० प्रकाशवर्षे दूर आहे.

भूकंपाचे कारण ग्रहताऱ्यांत शोधण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. किल्लारीचे कारण भूगर्भात होते, आणि दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळल्याने जीवितहानी वाढली. म्हणून आम्हांस वाटते की, तारे कुतूहलाने पाहावेत, घरे मात्र विचाराने बांधावीत.